कोठींतील घुण

संस्कृत ग्रंथांत ‘घुणाक्षरन्याय’ म्हणून एक न्याय प्रसिद्ध आहे. घुण म्हणजे पोखरणारा किडा. तो आपल्या पोटासाठीं लांकूड किंवा पोथी पोखरीत जातो आणि पोखरतां पोखरतां एखादे वेळीं त्या रेषांतून अक्षरासारखी आकृति उमटते. किड्यास अक्षर ठाऊक नसतें. तें यदृच्छेनें उमटलेलें असतें. कोणी योजना न करितां जी गोष्ट सहज घडून येते तिला हा न्याय लावतात. आमच्या नोकरीच्या काळांत हा न्याय आम्हीं कितीतरी वर्गांस समजावून दिला. परंतु त्यांतील घुण एके दिवशीं आमच्याच घरांत येऊन आम्हांस धडा देईल, असें मात्र कधीं वाटलें नव्हतें.

गोष्ट दोन वर्षांपूर्वीची. वर्ध्यास आमचें घर चौदा माणसांचें. दोघे भाऊ, त्यांचीं मुलें, सुना व नातवंडें असा एकत्र प्रपंच. वर्षाचें धान्य एकदम भरून ठेवण्याची जुनी चाल आम्हीं अद्याप सोडलेली नाहीं. भाद्रपदांत आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात. सणाच्या आधीं दोन दिवस पुरणपोळीचे गहूं दळावयास काढावे म्हणून धाकट्या सूनबाईंनीं मोठ्या कोठीचें झांकण उघडलें. हात आंत घातला तों गहूं कोमट लागले. मूठ बाहेर काढली ती पोकळ दाण्यांची आणि पिठूळ भुकटीची. तपकिरी रंगाचे बारीक सोंडे मनगटापर्यंत चढूं लागले. दोन क्विंटल गव्हांपैकीं निम्मे टाकून द्यावे लागले.

ती घरांत येऊन तेव्हां जेमतेम दीड वर्ष झालें होतें. “हिच्या हातीं कोठी दिली आणि पहिल्याच वर्षीं धान्याला कीड लागली,” असे शब्द घरांतील एका वडीलधाऱ्या बाईंच्या तोंडून निघाले. आम्ही तेथेंच पाटावर बसलों होतों. आम्ही कांहीं बोललों नाहीं. ती बिचारी मान खालीं घालून गहूं चाळीत राहिली. सण आटोपल्यावर आम्हांस आमच्या त्या मौनाची लाज वाटूं लागली. आरोप जिच्यावर आला तिचा दोष खरोखर होता काय, आणि नसेल तर तो कोणाचा, हें शोधून काढावें म्हणून आम्ही पुस्तकें व जाणतीं माणसें यांकडे वळलों. त्या शोधांत जें हातीं लागलें तें वाचकांपुढें, विशेषतः आमच्या भगिनीवर्गापुढें, ठेवीत आहों.

कीड येते कोठून ?

आपल्या पूर्वजांनीं प्राणिमात्राचे जरायुज, अंडज, स्वेदज व उद्भिज्ज असे चार वर्ग केले. किडामुंगी ही घामापासून, म्हणजे ऊब व ओल यांपासून, आपोआप होते अशी समजूत होती. युरोपांतही फार दिवस हाच समज होता. फ्रान्सिस्को रेडी या इटालियन वैद्यानें १६६८ सालीं मांसाच्या कांहीं बरण्या उघड्या व कांहीं विरळ कापडानें झांकून ठेविल्या आणि दाखवून दिलें कीं, माशीनें अंडीं घातल्यावांचून मांसांत अळी पडत नाहीं. धान्याचीही गोष्ट तीच आहे. दाण्यांतून किडा जन्मत नाहीं. किड्यापासूनच किडा होतो. तरी स्वेदज ही कल्पना अगदींच फोल नव्हे. ऊब व ओल हीं कीड जन्मास घालीत नसलीं, तरी तिला पोसतात व वाढवितात खास.

ही कीड घरांत चार वाटांनीं शिरते. पहिली वाट शेतांतून. कांहीं किडे पीक उभें असतांनाच शेंगांवर व कणसांवर अंडीं घालतात. दुसरी वाट गोदामाची व पोत्यांची. जुन्या पोत्याच्या शिवणींत शेंकडों किडे दडलेले असतात. तिसरी वाट गिरणीची. आपल्या आधींच्या माणसाचें किडकें धान्य दळलें गेलें असेल तर त्याचा प्रसाद आपल्या डब्यांत येतो. चौथी वाट सर्वांत जवळची, आणि म्हणूनच दुर्लक्षित. ती म्हणजे गेल्या वर्षींचें तळाशीं राहिलेलें धान्य आणि कोठीच्या कोपऱ्यांत व भिंतीच्या भेगांत सांचलेली भुकटी.

आमच्या गव्हांचा नाश करणारा प्राणी म्हणजे सोंडा. हा अवघा तीन-चार मिलिमीटर लांबीचा. तोंडापुढें हत्तीसारखी सोंड असते म्हणून त्यास हें नांव. लिनीअस या स्वीडनच्या शास्त्रज्ञानें १७६३ सालीं त्याचें वर्णन करून त्यास तांदळावरून शास्त्रीय नांव दिलें. परंतु गहूं, ज्वारी, मका यांतील कांहींच त्यास वर्ज्य नाहीं. मादी सोंडेनें दाण्यास बारीक भोंक पाडते, त्यांत एक अंडें घालते आणि वरून चिकट द्रव्यानें भोंक बुजवून टाकते. दाणा बाहेरून धडधाकट दिसतो. आंत अळी गाभा खात असते. चार-पांच आठवड्यांनीं पूर्ण वाढलेला सोंडा दाणा फोडून बाहेर पडतो. आपल्यास किडा दिसतो तो या दिवशीं. म्हणजे कीड दिसूं लागली असें आपण म्हणतों, तेव्हां ती लागून महिना होऊन गेलेला असतो.

येथें थोडें गणित करूं. एक मादी आपल्या आयुष्यांत सुमारें तीनशें अंडीं घालते. त्यांतून दीडशें माद्या निघाल्या तर दुसऱ्या पिढींत पंचेचाळीस हजार, आणि तिसऱ्या पिढींत साडेसदुसष्ट लाख ! प्रत्यक्षांत यांतील पुष्कळ मरतात, हें खरें; पण मृगाच्या पावसापासून महालक्ष्म्यांपर्यंत तीन महिने होतात, आणि तीन महिन्यांत तीन पिढ्या सहज होतात, हें ध्यानांत घेतलें म्हणजे दोन क्विंटल गव्हांचें काय झालें तें उमगतें.

आतां आमच्या घरचा वृत्तांत ऐका. त्या वर्षीं वैशाखांत पुतणीचें लग्न होतें. गच्चीवर मांडव, घरांत पाहुणे. गहूं वाळविण्यास जागा नव्हती आणि सवडही नव्हती. गहूं आले ते ज्येष्ठांत, पहिल्या दोन सरी पडून गेल्यावर. ऊन न देतां ते कोठींत भरले. कोठीच्या तळाशीं गेल्या वर्षींचें पायलीभर धान्य होतें. तें न काढतां त्यावरच नवें ओतलें. हें ओतण्याचें काम सूनबाईंचें नव्हतें. तें आम्हीं व आमच्या धाकट्या बंधूंनीं, मोठ्या लगबगीनें आणि कोणास न विचारतां, केलें होतें.

किडे अनेक, खोडी निरनिराळ्या

सर्व किड्यांस एकच नांव देऊन भागत नाहीं. कारण प्रत्येकाची खोड वेगळी आणि म्हणून उपायही वेगळा.

अखंड कडधान्यावर येतो तो भुंगेरा. तूर, मूग, चवळी, हरभरा यांच्या दाण्यावर मोहरीहूनही लहान असा पांढरा ठिपका चिकटलेला दिसला, तर तें त्याचें अंडें समजावें. अळी तेथूनच खालीं दाण्यांत शिरते, आणि पुढें भुंगेरा गोल खिडकी पाडून बाहेर येतो. नवल असें कीं, हा बाहेर आलेला भुंगेरा सांठ्यांतील धान्य मुळींच खात नाहीं. दहाबारा दिवस जगतो, अंडीं घालतो व मरतो. खाण्याचें काम सारें अळीचें. याला अंडीं घालण्यास अखंड, गुळगुळीत दाणा आवडतो. साल काढून भरडलेल्या डाळीस त्याचा उपद्रव फार कमी. आमच्याकडे तूर आली कीं तिची डाळ करून ठेवण्याची जी घाई बायका करीत, तिचें मर्म यांत आहे.

पिठांत, रव्यांत व शेवयांत आढळतो तो चपटा तांबडा किडा. अखंड दाणा फोडण्याची शक्ति त्याला नाहीं. सोंड्यानें पोखरलेल्या किंवा फुटलेल्या धान्यावर तो मागाहून येतो. हा वर्षभर किंवा त्याहूनही अधिक जगतो आणि अंगांतून एक उग्र द्रव्य सोडतो, त्यामुळें पिठाला वास येतो व गुलाबीसर झांक चढते. असें पीठ चाळून वापरण्याचा मोह धरूं नये, तें टाकावें. या क्षुद्र जीवास शास्त्रज्ञ मात्र फार मानतात. सर्व भुंगेऱ्यांत प्रथम याच्याच आनुवंशिक द्रव्याचा संपूर्ण आराखडा २००८ सालीं प्रसिद्ध झाला.

तिसरा खापरा. यांत उपद्रवी ती केसाळ अळी. ती भिंतीच्या व विटांच्या भेगांत दडून बसते आणि अन्नावांचूनही वर्षानुवर्षें जिवंत राहूं शकते. हा आपल्या भरतखंडाचाच मूळ रहिवासी. परंतु १९५३ सालीं अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत तो सांपडला, तेव्हां त्याच्या निर्मूलनासाठीं तेथील सरकारला अनेक वर्षें मोहीम चालवावी लागली. कोठी झाडली पण भिंतीची भेग लिंपली नाहीं, तर काय होतें तें यावरून समजावें.

चौथा मसाल्यांतला, आणि त्याची गोष्ट आमच्या जिल्ह्याशीं संबंध असलेली आहे. समुद्रपूर तालुक्यांत वायगाव हळद्या म्हणून गांव आहे. नांवावरूनच तेथील पिकाची ओळख पटते. त्या वायगावच्या हळदीस २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. हळद उकडून, उन्हांत दहापंधरा दिवस खडखडीत वाळवून मग सांठवितात. परंतु वाळलेल्या हळकुंडावर, तसेंच धणे, सुंठ व मिरच्या यांवर, दोन-तीन मिलिमीटरचे तपकिरी गोलसर भुंगेरे येतात आणि हळकुंड टांचणीनें टोंचल्यासारखें चाळण करून टाकतात. यांतील एकास तंबाखू प्रिय, दुसऱ्यास औषधी मुळ्या. अन्न म्हणून ज्यांच्या वाऱ्यासही दुसरा किडा उभा राहणार नाहीं अशा वस्तूंवर ते सुखानें नांदतात. मिसर देशाचा राजा तूतनखामेन याचें थडगें १९२२ सालीं उघडलें, तेव्हां तेथील सामानांतही या जातीच्या भुंगेऱ्यांचे अवशेष मिळाले. तीन हजारांहून अधिक वर्षें जो मनुष्याच्या कोठारांत वावरत आहे, तो एका सूनबाईंच्या हातगुणानें आमच्या घरीं आला असें म्हणणें हास्यास्पद नव्हे काय ?

जुन्या उपायांची पारख

आमच्या मातोश्री हयात होत्या तोंवर धान्याचें सारें काम त्यांच्या देखरेखीखालीं चाले, आणि कीड लागल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. त्यांच्या त्या ‘खटाटोपाला’ आम्ही तरुणपणीं हंसत असूं. आतां त्यांतील एकेक गोष्ट शास्त्राच्या कसोटीस लावून पाहिली, तेव्हां बहुतेक बावनकशी निघाल्या.

पहिला उपाय ऊन. चैत्र-वैशाखांत आमच्याकडे पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतो. गच्चीवर धान्य पातळ पसरलें कीं तें हवेहूनही अधिक तापतें, आणि पन्नास अंशांवरची उष्णता कांहीं तास टिकली तर किडे, अळ्या व अंडीं सर्वच मरतात. दुसरा लाभ असा कीं दाण्यांतील ओल कमी होते. ती शेंकडा दहाच्या खालीं गेली तर सोंड्याची वाढ खुंटते. दाणा दांताखालीं कट्‌कन् तुटला पाहिजे, ही मातोश्रींची परीक्षा. तापलेलें धान्य लगेच कोठींत भरूं नये, तें निवूं द्यावें. नाहींतर आंत वाफ धरते. तांदळास मात्र कडक ऊन देऊं नये, तो तडकतो. त्यास सावलींत वारा द्यावा.

दुसरा उपाय राख. गोवरीची चाळलेली राख मुगाला व चवळीला चोळीत. किड्याच्या अंगावर मेणाचा पातळ थर असतो, त्यामुळें त्याच्या शरीरांतील पाणी टिकतें. राखेच्या सूक्ष्म कणांनीं तो थर खरचटतो आणि किडा वाळून मरतो. तिसरा उपाय तेल. कडधान्यास किलोमागें चहाचा एक चमचा तेल चोळलें असतां अंड्यास हवा मिळत नाहीं व तें आंतच गुदमरतें. चौथा कडुनिंबाचा पाला. त्यांतील कडू द्रव्यानें किड्याची भूक व वाढ मंदावते. परंतु पाला सावलींत पुरता वाळविलेला असावा, हिरवा घातल्यास धान्यास ओल लागते.

तांदळाविषयीं एक गोष्ट येथें सांगणें अवश्य आहे. १९३४ सालीं स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचें ठाणें वर्ध्याच्या मगनवाडींत होतें, आणि जे. सी. कुमारप्पा यांच्या नेतृत्वाखालीं हातसडीच्या तांदळाचा व जात्यावरच्या पिठाचा पुरस्कार तेथून देशभर झाला. अशा तांदळांत कोंड्याचें सत्त्व राहतें, आणि तें सत्त्व माणसाप्रमाणें किड्यासही मानवतें. म्हणून तो गिरणींतल्या पांढऱ्या तांदळापेक्षां लौकर बिघडतो. यावरचा तोडगा जुनाच आहे : सांठा भाताचा करावा, आणि लागेल तसा सडावा. अखंड तुसाच्या आंत शिरणें सोंड्यास सहज जमत नाहीं.

सर्वच जुनें सोनें, असें मात्र नाहीं. गव्हांत बिब्बे टाकण्याची चाल आहे. त्यानें कीड हटते याची खात्री नाहीं. परंतु निवडणाऱ्या बाईच्या हातावर बिब्बा उतला तर फोड येतात, याची खात्री आहे. पाऱ्याच्या टिकड्या धान्यांत घालतात. पाऱ्याची वाफ किड्याच्या अंड्यांस मारते हें खरें, पण तीच माणसाच्या मज्जातंतूंस व मूत्रपिंडास घातक. बोरिक पावडरही खाण्याची वस्तु नव्हे. ज्या वस्तूनें किडा मरतो ती आपल्या पोटांत जाणार आहे किंवा कसें, हा प्रश्न प्रत्येक उपायापूर्वीं विचारला पाहिजे.

एक संकट थोडक्यांत टळलें

हा प्रश्न आम्हांस सुचण्यापूर्वीं आमच्या घरीं अनर्थ घडावयाचा. सणानंतर आमच्या धाकट्या चिरंजीवांनीं बाजारांतून कसल्याशा गोळ्यांची नळी आणली. “दोन गोळ्या फडक्यांत बांधून कोठींत टाका, किडा औषधाला उरणार नाहीं,” असें दुकानदारानें सांगितलें होतें. कोठी माजघरांत, आणि माजघरांत रात्रीं पांच नातवंडें निजतात. त्याच संध्याकाळीं आमचे एक जुने विद्यार्थी, जे कृषिविषय शिकून पुढें त्याच कामांत आयुष्य घालवीत आहेत, भेटीस आले. त्यांची दृष्टि त्या नळीवर गेली आणि त्यांचा चेहरा उतरला. “गुरुजी, ही नळी उघडली तर नाहीं ना ?” त्यांचा पहिला प्रश्न.

ती ॲल्युमिनियम फॉस्फाइडची होती. हवेंतील ओलाव्याशीं संयोग होतांच त्यांतून फॉस्फीन नांवाचा विषारी वायु निघतो. तो डोळ्यांस दिसत नाहीं, फटींतून पसरतो, आणि त्यावर निश्चित असा उतारा नाहीं. सरकारी गोदामांत व परवानाधारक माणसांनींच, जागा बंद करून व माणसें दूर ठेवून, त्याचा उपयोग करावा असा निर्बंध आहे. तरी या गोळ्या घरांत ठेवल्यामुळें झोंपेंतच माणसें दगावल्याच्या घटना आपल्या देशांत वारंवार घडल्या आहेत. पूर्वी एथिलीन डायब्रोमाइड या द्रव्याच्या कांचेच्या कुप्या घरगुती कोठ्यांत ठेवीत. तेंही अखेर २००१ सालीं आपल्याकडे वर्ज्य ठरलें. गहूं गेले तर पुन्हा आणतां येतात. त्या रात्रीं पांचही नातवंडें निजल्यावर आम्ही बराच वेळ त्यांच्याजवळ बसून होतों.

आतां आम्ही काय करितों

नवें धान्य येण्यापूर्वीं, फाल्गुनांत, कोठ्या पूर्ण रिकाम्या करून पुसून उन्हांत ठेवितों. भिंतीच्या भेगा व फरशीचे सांधे लिंपून घेतों. जुनें पोतें घरांत येऊं देत नाहीं. आलेंच तर उकळत्या पाण्यांतून काढून वाळवितों. धान्य वैशाखांत वाळवून, निवडून, निववून मृगापूर्वीं भरतों. नव्यावर जुनें किंवा जुन्यावर नवें ओतीत नाहीं. कोठी विटांवर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवितों आणि झांकण घट्ट लावितों. कारण हवा आंत गेली नाहीं तर असलेले किडेही गुदमरतात. दिल्लीच्या पुसा संस्थेनें मातीच्या विटांची, मधोमध प्लास्टिकच्या कागदाचें अस्तर असलेली जी कोठी तयार केली, तिच्यांतही हवा व ओल यांची वाट बंद करण्याचेंच तत्त्व आहे.

पावसाळ्याचे चार महिने दर पंधरा दिवसांनीं कोठींत कोंपरापर्यंत हात घालून पाहतों. धान्य आंत कोमट लागलें तर कीड वाढीस लागली असें समजावें. किड्यांच्या गर्दीनेंच ती ऊब येते. थोडे गहूं पाण्यांत टाकून पाहिले तरी पोखरलेले दाणे वर तरंगतात. कीड दिसल्यास तें धान्य कोठीपासून दूर नेऊन चाळावें, ऊन असेल तर तापवावें, आणि चाळण जाळून टाकावी. रवा, बेसन, शेवया असा थोडा माल असेल तर घट्ट डब्यांत घालून आठवडाभर फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यांत ठेवावा. त्या थंडीनेंही कीड मरते. पीठ पंधरा दिवसांपुरतेंच दळावें.

गेल्या दोन वर्षांत आमच्या कोठीस कीड लागलेली नाहीं. गेल्या वर्षीं महालक्ष्म्यांच्या आधीं सूनबाईंनीं झांकण उघडलें तेव्हां घरांतील सर्व माणसें भोंवतीं उभीं होतीं. गहूं थंड व खणखणीत निघाले. तेव्हां आम्हीं सर्वांसमक्ष, ज्या वडीलधाऱ्या बाईंनीं पूर्वी बोल लावला होता त्यांच्याही समक्ष, सांगितलें कीं आधींच्या वर्षींचा दोष आमचा होता आणि आम्ही त्या वेळीं बोललों नाहीं हा त्याहून मोठा दोष. त्या बाई क्षणभर स्तब्ध राहिल्या. मग त्यांनींच सुनेच्या हातांतील सूप घेतलें आणि “चल, मी पाखडतें, तूं भर,” म्हणून तिच्या शेजारीं बसल्या.

कोठीची किल्ली आतां सूनबाईंकडेच असते. तिनें एक वही घातली आहे. धान्य कोणत्या तिथीस आलें, किती दिवस ऊन दिलें, केव्हां पाहिलें व कसें आढळलें, हें सर्व ती त्यांत टिपून ठेविते. परवां ती वही चाळतां चाळतां आम्हांस पुन्हा तो न्याय आठवला. घुणाचें अक्षर यदृच्छेचें. या वहींतील एकही अक्षर तसें नाहीं.